मोडीचे अण्णा

पनवेलमध्ये जमिनीचा भाव विमानतळाला विचारावा, कोलंबीचा कोळणीला आणि जुन्या सोन्याचा अण्णांना. अण्णा सोनार नाहीत, सराफ नाहीत. एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले साधे पेन्शनर आहेत. पण घरातलं म्हातारं माणूस गेलं, तेरावं उरकलं आणि कपाटातला स्टीलचा डबा उघडला, की निरोप त्यांनाच येतो. “अण्णा, आईंच्या पाटल्या आहेत. येता का जरा सोबत?”

अण्णा “बघू” म्हणतात. बघू म्हणजे उद्या साडेबारा. दुकान उघडल्या उघडल्या बोहनीला ते कधीच जात नाहीत. मुंबईची बुलियन असोसिएशन दिवसातून दोनदा भाव जाहीर करते. त्यातला दुपारचा भाव मोबाइलवर आल्याशिवाय अण्णांची चप्पल पायात जात नाही.

टपाल नाक्यापासून शिकवणी सुरू होते. निरोप धाडणाऱ्या सूनबाईंना पहिली ताकीद, रडायचं नाही. दुसरी, मुलाची फी भरायची आहे हे सांगायचं नाही; गरज तोंडावर दिसली की भाव उतरलाच. तिसरी, वजन आपण होऊन बोलायचं नाही. ही तिसरी कुणालाच पाळता येत नाही, कारण प्रत्येक घरात एक परंपरागत आकडा असतो आणि तो देवाच्या आरतीसारखा सगळ्यांना पाठ असतो. “आई म्हणायच्या, चार तोळे आहेत.” अण्णा विचारतात, “कुठला तोळा?” हल्ली बाजारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. सासूबाईंचा तोळा बारा माशांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्या हिशेबाने चार तोळ्यांचे साडेसेहेचाळीस ग्रॅम भरायला हवेत. सूनबाईंचा चेहरा उजळतो. अण्णांना तेवढ्यावर थांबता येत नाही. “पण चाळीस वर्षं भांडी घासली ना त्यांनी पाटल्या घालून? झिजल्या असणार.”

मग येतो तो भयंकर प्रश्न. “लग्न कधीचं त्यांचं?”

“चौसष्ट सालचं.”

अण्णा रस्त्यातच उभे राहतात. जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं आणि नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवायला बंदी झाली. त्या दिवसांतला दागिना दिसला की अण्णा त्याला ‘मोरारजी’ म्हणतात आणि कसाला लावल्याशिवाय अवाक्षर काढत नाहीत. आता कायदा पाळणारे सासरे सुनेला अभिमानाचे की तोट्याचे, हे दुकानातलं कस मोजणारं मशीन ठरवणार. पनवेलातल्या निदान दोन तरी सुनांनी कसाचा आकडा ऐकून “आमचे सासरे कायदा मोडणारे निघाले हो!” असं आनंदाने सांगितलेलं आहे.

दुकानात शिरल्यावर अण्णांचा पहिला हुकूम असतो, “पंखा बंद करा.” काटा शून्यावर आहे ना, ते वाकून पाहतात. वाटी आधी रिकामी ठेवायला लावतात. नथीचे मोती नि मंगळसूत्राच्या वाट्यांतली लाख सोन्याच्या भावात कुणी घेत नाही, हे ते स्वतःच आधी बोलून टाकतात, म्हणजे दुकानदाराला ते सुनावण्याचं सुख मिळत नाही. लाखेचा दागिना असेल तर तो वितळवावा लागतो. अण्णा भट्टीपाशी मुशीवर नजर रोखून उभे राहतात. वितळवण्याआधी “अजून विचार करा, यानंतर परत नाही” हे मात्र ते विकणाऱ्याला तीनदा बजावतात. त्यांच्या या सवयीला मी मनापासून मानतो. बाजारात असं बजावणारे दुसरे कुणी भेटलेले नाहीत.

मशीन सांगतं, एकवीस कॅरेट. जुन्या दागिन्यात जोडाचा डाक असतो, त्यामुळे बाविसाचे एकवीस होणं नवलाचं नाही. खरी लढाई यानंतरची. दुकानातला मुलगा कॅल्क्युलेटर ओढतो, अण्णा लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू काढतात. “वजन ४५.९. एकवीस कॅरेट म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. निव्वळ सोनं ४०.१६ ग्रॅम. आता याला चोवीसचा भाव लाव. कस एकदा वजनातून कापलास ना? मग बाविसाचा भाव लावून परत कापायचा नाही, राजा.” मुलगा आत जातो. आतून मालक येतात. अण्णांना पाहून मालक चहा सांगतात.

मालक म्हणतात, “मोडून रोख घेण्यापेक्षा बदली करा, वजावट काहीच नाही.” अण्णा हसतात. नव्या दागिन्याच्या मजुरीत ती वजावट आणि वर तीन टक्के जीएसटी कसा वसूल होतो, हे ते सूनबाईंकडे बघून, पण मालकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतात. घटीची टक्केवारी पावतीवर लिहून मागतात. दहा हजारांपर्यंत रोख, बाकीचे खात्यात, पॅनकार्डची झेरॉक्स त्यांच्याच पिशवीत. परतताना करावर प्रवचन: वारशाच्या सोन्यात नुसता आपला नव्हे, सासूबाईंनी ते बाळगल्याचा काळही धरतात, २००१च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१चा भाव धरून नफा काढायचा, त्यावर साडेबारा टक्के. सूनबाई तोवर भाजी घेत असतात.

अशा या माणसाच्या आईच्या पाटल्याही विकायच्याच आहेत. दोन बहिणींचा वाटा द्यायचा आहे, आणि बहिणी वर्षानुवर्षं विचारताहेत. भाव चढत असला की अण्णा म्हणतात, “अजून चढेल.” पडला की, “पडत्या भावात शहाणा विकतो का?” आणि स्थिर असला की, “काहीतरी हालचाल तर होऊ द्या.” दरम्यान, भाव कळावा म्हणून पाटल्या पनवेलच्या प्रत्येक पेढीवर जाऊन आल्या आहेत. मशीनवर अण्णांचा विश्वास आहे, पण मनाची खात्री व्हायला जुन्या सोनाराकडे कसोटीच्या दगडावरही घासून पाहावं लागतं, आणि खात्री दर दिवाळीला नव्याने करावी लागते.

गेल्या खेपेला त्या म्हाताऱ्या सोनाराने पाटली दगडावर टेकवलीच नाही. चष्म्यावरून अण्णांकडे बघत तो म्हणाला, “अण्णा, दर वेळी घासून घासून एका बहिणीचा वाटा माझ्या दगडावर आला. दुसरीचा तरी देऊन टाका.”