खरी सुरुवात पुढच्या वर्षी

मराठी घरात मूल बालवाडीत रमलं की कुणीतरी त्याला सांगतंच, ‘पहिलीत गेलास की कळेल.’ पहिलीत पाढे यायला लागले की स्कॉलरशिपचा धाक सुरू. ती परीक्षा वर्षानुवर्षं चौथी-सातवीला होती, २०१७ मध्ये पाचवी-आठवीला गेली. तेव्हाही धाक चौथीत राहिलाच, शिवाय पाचवीतही पोहोचला. आठवी म्हणजे दहावीचा पाया, नववी म्हणजे दहावीची रंगीत तालीम आणि दहावी तर काय, दहावीच. केबल बंद, मामाच्या लग्नाला फक्त अक्षतांपुरतं जायचं. या सगळ्यावर उतारा एकच : एवढं वर्ष काढ राजा, मग कॉलेज. मग मजाच मजा.

आता या दहावीची गंमत बघा. २०१८ मध्ये राज्याचा निकाल होता ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये शाळांच्या हातातले भाषेचे अंतर्गत गुण काढून घेतले, निकाल घसरला ७७.१० टक्क्यांवर. लगेच ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के! मुलं एका वर्षात मठ्ठ झाली आणि पुढच्याच वर्षी सुधारली. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तर निकाल ९९.९५ टक्के. परीक्षा न घेणं ही परीक्षेची सर्वात यशस्वी पद्धत ठरली, पण मंडळानं तिचा पाठपुरावा केला नाही. त्यात बेस्ट ऑफ फाइव्ह, वर चित्रकलेचे आणि खेळाचे वाढीव गुण. २०२५ मध्ये २११ जणांना शंभर टक्के मिळाले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. शंभर टक्केवाल्याला पेढा देताना शेजारच्या काकू तरीही विचारतात, ‘आता सायन्सच ना?’

मग येते अकरावी. हे कॉलेजचं पहिलं वर्ष. मुळात ही शाळेतलीच इयत्ता. जुन्या काळी अकरावी झाली की मॅट्रिक. १९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि अकरावी शाळेच्या दाराबाहेर येऊन उभी राहिली. तिथून ती कुणाचीच नाही. काही ठिकाणी सीनिअर कॉलेजच्या इमारतीत पोटभाडेकरू, काही ठिकाणी शाळेच्याच वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावरच्या पोरांचं दुःख वेगळंच. कॉलेज म्हणून जावं तर तीच घंटा, तोच शिपाई, तेच सर. बदलली फक्त पाटी. नव्या शैक्षणिक धोरणात पाच-तीन-तीन-चार अशी मांडणी आहे, तिच्यात अकरावी पुन्हा नववी-दहावीच्या पंगतीला बसवली आहे. पन्नास वर्षांनी माहेरी.

प्रवेशाचा सोहळा २०२५ पासून सबंध राज्यात ऑनलाइन. पहिल्याच दिवशी पोर्टलनं मान टाकली. मग अर्जाचा भाग एक, भाग दोन, दहा कॉलेजांची पसंती, फेऱ्यांमागून फेऱ्या. घरात मुहूर्त बघावा तशी कटऑफची चर्चा. आठ नंबरचं कॉलेज लागलं म्हणून रडारड, एक नंबरचं लागलं म्हणून पेढे. आणि इतक्या खटपटीनं मिळवलेल्या त्या कॉलेजात सायन्सचा पोरगा जातो कधी? प्रॅक्टिकलला. तेही सबमिशन जवळ आलं की, दुसऱ्याची जर्नल उतरवून.

तो असतो क्लासमध्ये. कॉलेज आणि क्लास यांचं लग्न लागलेलं असतं, त्याला ‘टायअप’ म्हणतात. भारदस्त भाषेत ‘इंटिग्रेटेड’. फी क्लासची, नाव कॉलेजचं, हजेरी देवाची. सरकारला हे कळत नाही असं नाही. २०१८ मध्ये सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला होता. बोटांचे ठसे घ्यायचे ठरले, पण बोटंच क्लासमध्ये होती.

पोराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचा हिशेब पक्का आहे. अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं, तिचे गुण पुढे कुणी विचारत नाही. मात्र नीट आणि जेईईत अकरावीचा अभ्यासक्रम भरभरून येतो. सीईटीत वीस टक्के. म्हणजे वर्ष बिनकामाचं, अभ्यास कामाचा. असं वर्ष कॉलेजात बसून कोण घालवेल?

कॉलेज खरोखर कुणी बघत असेल, तर आर्ट्सची पोरं. आणि तालुक्याला एसटीनं येणाऱ्या मुली. बारावीपर्यंत पास फुकट, सकाळची गाडी पकडली की पहिल्या तासाला हजर, आणि परतीची गाडी दुपारी असल्यामुळे शेवटच्या तासालाही हजर. लायब्ररीत पुस्तक मागणारी, गॅदरिंगला नाव देणारी, इतिहासाच्या सरांना प्रश्न विचारणारी हीच मंडळी. नातेवाईक यांच्याबद्दल हळू आवाजात बोलतात : ‘आर्ट्सला घातलंय.’

मग एफवाय. दोन वर्षं कॉलेजात (कागदोपत्री) काढून पोरगं पुन्हा पहिल्या वर्षाला येतं. इथे तरी मजा? इथे आता मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी आणि आयकेएस. शेवटचं म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली. ज्ञान भारतीय असलं तरी त्याला इंग्रजी आद्याक्षरांशिवाय टाइमटेबलात शिरता येत नाही. कॉमर्सच्या पोरानं ओईत, म्हणजे ओपन इलेक्टिव्हमध्ये, काय घ्यावं हे वर्गशिक्षकांनाही ठाऊक नसतं, म्हणून ज्या विषयाला सर उपलब्ध तो विषय सगळ्यांच्या आवडीचा. सहा महिन्यांची सेमिस्टर. प्रवेश लांबला की तीन-साडेतीन महिन्यांत उरकायची. फ्रेशर्स पार्टी आणि इंटर्नल एकाच आठवड्यात. इंजिनिअरिंगवाल्यांचं तर विचारूच नका, एम-वनची, म्हणजे पहिल्या गणिताची, केटी हीच त्यांची फ्रेशर्स पार्टी.

नव्या धोरणात एक दिलासा मात्र आहे : नको झालं तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. बारा-तेरा वर्षं ज्या मजेची वाट बघितली, तिच्या दारातच बाहेरचा रस्ता करून ठेवलाय. तरी तसं बाहेर पडलेलं पोरगं अजून आमच्या पाहण्यात नाही. त्या सर्टिफिकेटसाठी उन्हाळ्यात आणखी चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स नाहीतर इंटर्नशिप करावी लागते, आणि उन्हाळ्यात त्यानं बँकिंगचा क्लास लावलेला असतो.