रिकाम्या सॉकेटांचा सदुपयोग : नवशिक्यांसाठी

काळ 1980च्या दशकाच्या उत्तरार्धाचा, गाव अमेरिकेतले कुठलेही. तुमच्याकडे अटारी एसटी, शेजाऱ्याकडे मॅकिंटॉश. त्याचे यंत्र 1984 साली 2,495 डॉलरला बाजारात आले. तुमचे पुढच्याच वर्षी, काळ्यापांढऱ्या मॉनिटरसकट, 799ला. दोघांच्याही पोटात मोटोरोलाचा 68000. मॅकचे मॅकपण मुख्यतः रॉम चिपांमधल्या 64 किलोबाइटांत. तेवढे मिळवले की तुमचा अटारीही मॅक झालाच.

आधी अटारीला मॅक बनवणारे, डेव्हिड स्मॉल यांचे ‘मॅजिक सॅक’ कार्ट्रिज घ्या. उघडून पाहाल तर रॉमची सॉकेटे रिकामी. चीप पडली कुठे म्हणून खोका झटकत बसू नका, माल असाच येतो. ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात 1983 साली अपिली न्यायालयाने स्पष्ट केले की रॉममधल्या प्रोग्रामलाही कॉपीराइट लागू आहे. त्यामुळे शहाणा विक्रेता ॲपलचा एक बाइटही स्वतःच्या डब्यात ठेवत नाही. सोवळे त्याचे, खरकटे तुमचे. (हा माणूस लबाड नव्हे. कायद्याने जेवढी जागा सोडली तेवढ्यातच त्याने दुकान थाटले, आणि ते मला तरी मान्य आहे.)

आता चिपा. जुन्या मॅकमधून निघालेली अस्सल जोडी विकत घ्यावी. स्वतःच्या मालकीची चीप पुढे विकायला अमेरिकी कायद्याची आडकाठी नाही. पण ती महाग पडते, लवकर सापडतही नाही, आणि तेवढ्यात ओळखीतला कोणीतरी हळूच सांगतो, ‘आपल्याकडे ईप्रॉम प्रोग्रामर आहे’, म्हणजे कोऱ्या चिपेत मजकूर उतरवणारे यंत्र. या मार्गाविषयी मार्गदर्शिका मौन पाळते. फक्त ओळखायची खूण सांगते : नकली चिपेच्या पाठीवर इवलीशी काचेची खिडकी असते आणि तिच्यावर स्टिकर. स्टिकर सोलून चीप बरेच दिवस उन्हात ठेवली तर आतला मजकूर पुसला जातो. स्वतःहून नाहीसा होणारा मुद्देमाल दुसरा दाखवा!

चीप बसवताना खाच कुठल्या बाजूला ते पाहा. अठ्ठावीस पायांपैकी एखादा हमखास बाहेर न वळता पोटाखाली दुमडतो. वरून सगळे ठाकठीक दिसते आणि मॅक काही उठत नाही. कार्ट्रिज लावताना-काढताना अटारी बंदच हवा.

प्रोग्राम मात्र अजून मिळालेले नाहीत. मॅकचा ड्राइव्ह फ्लॉपी कमी-जास्त वेगाने फिरवतो, तुमचा एकाच वेगाने. म्हणून शेजाऱ्याची फ्लॉपी तुमच्याकडे वाचली जात नाही. कितीही सोज्ज्वळ गिऱ्हाइकाला इथे शेजाऱ्याच्या मॅकपासून केबल टाकून फायली ओढाव्या लागतात. पुढे 1989चे ‘स्पेक्टर जीसीआर’ कार्ट्रिज आले आणि मॅकच्या फ्लॉप्या थेट वाचता येऊ लागल्या. त्याचीही सॉकेटे रिकामीच, हे सांगायला नको. शेजाऱ्याकडे मॅकराइट या लेखनाच्या प्रोग्रामची प्रत मागताना ‘फक्त बघायला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे.

मॅक सुरू झाला की तुमचा पडदा 640 बाय 400, शेजाऱ्याचा 512 बाय 342. वेगही तुमचाच किंचित जास्त. त्याला हे दाखवायला बोलवायचेच असेल, तर फ्लॉप्या आधी मागून घ्या.