चोवीस तास गरम पाणी आहे ना?

लेहचं हॉटेल ठरवताना आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न गीझरचा. गाव ३,५०० मीटर उंचीवर, वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवशी सहज पडतो तेवढा. पण आंघोळ दोन वेळा हवीच. लडाखी घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोरडा संडास. त्याचं खत शेताला जायचं. आता पाहुण्यांसाठी फ्लश, आणि फ्लशसाठी बोअरवेल. शिवाय खोलीतून 'माउंटन व्ह्यू' पाहिजे. (लेहमध्ये डोंगर न दिसणारी खिडकी शोधून दाखवा!)

पहिला दिवस स्वस्थ पडून राहा, असं डॉक्टर बजावतात. पण पैसे भरलेत ना! मग धापा टाकत नऊ मजली राजवाडा, लगोलग शांती स्तूपाच्या पायऱ्या, रात्री ऑक्सिजन. नंतर खार्दुंग ला. तिथली पाटी कित्येक वर्षं १८,३८० फूट सांगत आली. मोजणीत उंची भरते १७,६००च्या आसपास. फोटो अर्थातच पाटीपाशी. पँगाँगला तर 'थ्री इडियट्स'मधल्यासारखी पिवळी स्कूटर पैसे घेऊन बसायला देतात. तिथे तळ्याकडे पाठ करून रांग लागते, आणि रांगेतले काका विचारतात, "इथे पिठलं-भाकरी कुठे मिळेल हो?"