मूर्खलक्षणांत एक भर

समर्थांनी दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनीच सुरू केला. त्या यादीत मला एकाची भर घालायची आहे आणि ती गौरवाने घालायची आहे. ज्याच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तो रात्री टीव्हीसमोर बसून पाच लाख वस्तीचं महानगर उभारतो, तो एक मूर्ख. शहापूर-मुरबाडकडे असा कुणी भेटला तर त्याला आधी नमस्कार करावा.

खेळ सिमसिटी. विल राइट यांनी तो १९८९मध्ये आणला. निन्टेंडोने १९९१मध्ये आपल्या सुपर निन्टेंडोवर घेतला आणि हिरव्या केसांचा डॉ. राइट सल्लागार म्हणून सोबत दिला. इतक्या वर्षांनी तो पुन्हा लावायचा, तर सगळ्यात कठीण पातळीवरच लावावा. खजिन्यात पाच हजार डॉलर. कोळशाच्या वीजकेंद्रालाच तीन हजार जातात. उरलेल्या दोन हजारांत घरं, दुकानं, कारखाने, तारा, रस्ते. कर वाढवला तर माणसं निघून जातात, कमी ठेवला तर पोलिसांचा खर्च निघत नाही. शहाणा माणूस इथे बातम्या लावतो. मूर्ख बसून राहतो. पावसाळ्यात तारेवर फांदी पडते, वीज जाते, सेव्ह न केलेली नगरी पुसली जाते. वीज आली की तो मोकळ्या जमिनीवर पुन्हा पहिलं वीजकेंद्र उभारतो. या चिकाटीला नावं ठेवणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही.

मुरलेल्या खेळाडूंची एक युक्ती आहे. रस्ते बांधायचेच नाहीत, सगळीकडे रूळ टाकायचे. रूळ रस्त्याच्या दुप्पट महाग, पण वाहनांची कोंडी नाही आणि त्यांचा धूरही नाही. मुरबाडच्या माणसाने ही युक्ती वापरावी, यात मला फार मोठा न्याय दिसतो. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी किती जुनी! मुरबाडात अजून गाडी आलेली नाही. पडद्यावर मात्र तो एकही वस्ती रुळाविना ठेवत नाही. त्याला वेडा म्हणणाऱ्याने कल्याणच्या एसटीत एकदा उभ्याने प्रवास करावा.

पण त्याचा खरा मोठेपणा पुढे आहे. या खेळात पाणी पुरवावंच लागत नाही. नदी आहे, समुद्र आहे. धरण नाही, टाकी नाही, नळ नाही. विजेवाचून घर उभं राहत नाही, पाण्यावाचून महानगर होतं. जलवाहिन्या आल्या त्या पुढच्या सिमसिटी २०००मध्ये. मुंबईत बसून खेळणाऱ्याला ही उणीव जाणवणार नाही, कारण त्याचा नळ उघडला की पाणी येतं. शहापूरकराला ती पहिल्या रात्रीच दिसते. तानसा धरण १८९२पासून त्याच्या तालुक्यातून मुंबईला पाणी देतं आहे. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसा धरणाचा. आणि त्याच तालुक्यातल्या बाया उन्हाळ्यात रिकाम्या विहिरीच्या काठावर हंडे घेऊन उभ्या. मुरबाडच्या बाजूला बारवी धरणाचं पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना. काळू धरणाचं काम तर वनखात्याची मंजुरी नसताना सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली, म्हणून २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं. खेळात जंगलाचा एक चौकोन एका डॉलरला साफ होतो आणि कुणी अडवत नाही.

हे ठाऊक असलेला मूर्ख नदीच्या वरच्या अंगाचा मोठा पट्टा मोकळा सोडतो. झाडं तशीच ठेवतो, त्यांच्या आडोशाला चार घरं बसवतो आणि त्यांच्यापर्यंत वीज आधी नेतो. खेळ हे मागत नाही. गुण मिळत नाहीत, उलट वस्ती तुंबते, पाच लाखांचा आकडा लांबतो, त्यावर बक्षीस म्हणून मिळणारा मारिओचा पुतळा राहून जातो. डॉ. राइट सांगत राहतो की लोकांना आणखी घरं हवीत. पटाईत खेळाडूंच्या हिशेबी ही शुद्ध नासाडी. मला विचाराल तर या खेळात इतका जाणता महापौर दुसरा नाही, आणि ते चार घरांचं गाव त्याने कुठल्याही पुतळ्यासाठी हलवू नये.