इंजिन तापलेलंच असतं

डिसेंबरच्या पहाटे नगरला पारा दहाच्या खाली उतरतो. नळाचं पाणी हाताला चावतं, आणि गावाचं नाव काहीही झालं तरी थंडी तीच राहते. अशा वेळी जिल्ह्यात एकच वस्तू हमखास ऊबदार सापडते : विकायला काढलेल्या जुन्या गाडीचं इंजिन.

सावेडीला जा, केडगावला जा, ‘एमएच १७’ बघायची हौस असेल तर थेट श्रीरामपूर गाठा. उजाडायच्या आत पोचा आणि बॉनेटवर हात ठेवा. चटका! मालक हसून म्हणतो, “तुम्ही येणार म्हटलं, जरा चालू करून ठेवली.” सख्ख्या जावयासाठी बंब न पेटवणारा हा माणूस अनोळखी गिऱ्हाइकासाठी भल्या पहाटे उठून डिझेल जाळत बसलेला असतो.

जुनं इंजिन खरं बोलतं ते गार असताना, पहिल्या अर्ध्या मिनिटात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्हची सीलं गेली असतील तर सायलेन्सरमधून निळा धूर येतो. हेड गॅस्केट गेलं असेल तर पांढरा, आणि थंडीतल्या साध्या वाफेसारखा तो लगेच विरत नाही. टायमिंगची साखळी सैल असेल तर ती खडखडून सांगते. डिझेल गाडीचे हीटर प्लग मेले असतील तर स्टार्टर नुसता कण्हत राहतो. एकदा इंजिन तापलं, तेल वरपर्यंत पोचलं, धातू फुगून फटी मिटल्या, की यातले निम्मे साक्षीदार फिरतात.

म्हणून मालकांनी कारणांचा स्वतंत्र साठा करून ठेवलेला आहे. “आत्ताच डेअरीला दूध घालून आलो.” किती लिटर? तीन. तीन लिटर दुधासाठी सात आसनी गाडी! “बॅटरी उतरू नये म्हणून रोज चालू करतो.” मग नवी बॅटरी टाकल्याचं मघाशी कुणी सांगितलं? “वॉशिंगला नेली होती.” हे मात्र खरं असतं, कारण इंजिनावर धुळीचा कण नसतो. बारा वर्षं नगर-मनमाड रस्त्यावर धावलेली, उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगलेली गाडी, आणि बॉनेटखाली कसं लख्ख! रबरी पाइपांना पॉलिश, झाकणांना पॉलिश. एवढ्या धुण्यात तेल कुठून गळतं त्याची खूणसुद्धा वाहून जाते, हा आपला निव्वळ योगायोग. वर छाती ठोकून, “इंजिनला आजवर पाना लागला नाही, सायेब. सील पॅक!” आणि हेड कव्हरच्या कडेने ताजं लाल सिलिकॉन ओघळलेलं, बोल्टांची डोकी पान्याने सोललेली. न लागलेल्या पान्याने, अर्थात.

मालकाचं जाऊ द्या, त्याला विकायची आहे. मला चीड येते ती घेणाऱ्याची. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात हाच गृहस्थ बैलाचा जबडा फाकवून दात मोजतो, खूर उचलतो, शेपटी पिरगाळतो, भोवरे तपासतो, चालवून बघतो, पळवून बघतो आणि तरीही ‘पुढच्या बाजारी बघू’ म्हणून निघून येतो. तोच इथे सहा लाखांच्या गाडीची डिपस्टिक मागायला लाजतो. का, तर त्यांनी चहा दिला! तापलेलं इंजिनही एका ठिकाणी फितूर होतं. चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं की आतून धुराचे भपके येतात, मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्याच झाकणाच्या आत दुधाळ साय जमलेली दिसली तर तेलात पाणी शिरल्याचा संशय घ्यायला जागा असते. चावी फिरवताना ‘चेक इंजिन’चा दिवा आधी लागून मग विझतो का, हे बघायला तर हातही काळे होत नाहीत. आणि आमचे साहेब काय बघतात? सीट कव्हर. आरसे आपोआप मिटतात का. गाणी मोबाइलवरून लागतात का. टायरवर लाथ मारतात. टायरवर लाथ मारून आजवर कुणाला काय कळलंय, हे कुणीतरी एकदा सांगावं!

सोबत एक ‘आपला माणूस’ असतो. तो बॉनेटमध्ये डोकं घालतो, दोनदा रेस देतो, “आवाज ओक्के” म्हणतो आणि संध्याकाळी विकणाऱ्याकडून आपला कट घेतो. त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. आपण त्याला सुटी टाकून यायला लावतो आणि वडापावावर बोळवण करतो. सहा लाखांची वस्तू तपासायला हजार-दोन हजार मोजून स्कॅनरवाला मिस्त्री आणायचा म्हटलं की आपल्याला घाम फुटतो, डिसेंबरातसुद्धा. मग जो पैसे देईल त्याच्याच बाजूने हा ‘आपला माणूस’ बोलणार. पुढे इंजिन उतरवायला तोच येतो, आणि तेव्हा मात्र बिल आपल्या नावावर फाडतो.

सरकारने आपल्या परीने काळजी घेतली आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याने ताब्यातली गाडी कोणी, कधी, कशासाठी, किती चालवली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची आहे. उत्तम नियम. फक्त जागेवर उभी राहून पेटणारी गाडी एक मीटरही पुढे जात नाही, त्यामुळे त्या नोंदवहीत पहाटेचा रकाना कोरा राहतो. आणि घरून विकणाऱ्या मालकाला तर नोंदवहीच नाही.

तेव्हा जाताना फोन करू नका. केलाच तर “गाडीला रात्रीपासून हात लावू नका” असं आधीच बजावा आणि इंजिन गरम लागलं तर चहा न घेता परत फिरा. मालक मागे धावत येईल. “अहो, पोराला शाळेत सोडून आलो फक्त!”

त्याला शांतपणे विचारा, “रविवारी?”