शंभर टक्के भाऊ

जळगावच्या गोलाणी मार्केटात त्यांना सगळे 'शंभर टक्के भाऊ' म्हणतात. आठवड्यातून एकदा धुळ्याची फेरी असते. गिऱ्हाईक ठरलेलं: पतसंस्था, जिनिंगवाले, दवाखाने. माल एकच, कॉम्प्युटरची सुरक्षा.

खुर्चीत टेकायच्या आत ते पेनड्राइव्ह खुपसतात. पडद्यावर लाल आकडा धावत सुटतो आणि ३८७ वर थांबतो. "शेठ, एवढे धोके घेऊन झोप कशी लागते तुम्हाला?" शेठजींचा चहा बशीतच राहतो. त्यातल्या बहुतेक निव्वळ कुकीज, वेबसाइटांनी ठेवलेल्या साध्या नोंदी, हे भाऊ सांगत नाहीत. तपासणी फुकट, पैसे सफाईचे.

मग येतं 'मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन'. हे म्हणताना भाऊ आपोआप ताठ बसतात. वास्तविक ते बहुधा एईएस असतं, २००१ पासूनचं अमेरिकेचं जाहीर मानक. शेठजींच्या घरच्या वायफायलाही तेच. हल्ली खोक्यावर 'एआय'चं स्टिकरही आलंय. आत काय बदललं, ते भाऊंनाही ठाऊक नसावं.

एकदा एका शेठजींच्या कॉलेजातल्या मुलीने अवास्टचा विषय काढला. पाळत रोखतो म्हणणाऱ्या या कंपनीने लोकांची ब्राउझिंगची माहितीच विकली, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. भाऊ ढिम्म. "ते परदेशी लोक, ताई. आपलं तसं नाही."

मला राग भाऊंपेक्षा शेठजींचा येतो. सराफ्यात चार ग्रॅमच्या अंगठीचा हॉलमार्क भिंगातून बघणारा, भरताची वांगी उलटीपालटी करून घेणारा हा माणूस लायसनचा करार न वाचताच 'मान्य' दाबतो. नुकसान झालं तर कंपनी जवळजवळ कशालाच बांधील नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं.

फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. तक्रारीला १९१५ हा नंबर आहे. पण तितकं लांब जायची गरज पडणार नाही. भाऊ आले तर चहा जरूर पाजा, आणि 'शंभर टक्के सुरक्षित' एवढंच पक्क्या बिलावर सहीशिक्क्यानिशी लिहून मागा. धुळ्याची बस त्यांना नेमकी तेव्हाच आठवते.