जावयाचा घाट

सासुरवाडी साताऱ्याला असण्यात जावयाचं भलंच असतं. हवा चांगली, कंदी पेढे ताजे, आणि पुण्याहून अंतर इतकं बेताचं की सकाळी रुसून गेलेली बायको संध्याकाळच्या एसटीने परत येऊ शकते. पण २०१२ साली या सुखी गावाने सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू केली आणि तिथल्या समस्त जावयांचे ग्रह फिरले. तोवर जावई जोखायची मापं साधी होती: पगार, स्वभाव आणि पुरणपोळ्या. पैकी तिसऱ्यात माझं बरं चाललं होतं.

"मग दाजी, यंदा पळताय की न्हाई?" मेव्हण्याने भर पंगतीत विचारलं.

मेव्हणा रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येतो आणि मगच चहाला तोंड लावतो. मी कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद असली तर ती चालू होईपर्यंत खाली वॉचमनशी राजकारणावर बोलतो. बरं, जिल्हाही असा की सबब सांगायला जागा नाही. खाशाबा जाधव इथलेच, कराडजवळच्या गोळेश्वरचे; १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. ललिता बाबर माण तालुक्यातली; २०१६ साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. अशा जिल्ह्याची लेक करून घेतल्यावर 'मला चढ झेपत नाही' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? माझं तोंड तर तेव्हा आमरसात होतं. मी "पळू की" म्हणालो. चौपन्नाव्या वर्षी माणूस आमरसाच्या अंमलाखाली काहीही बोलून जातो.

हाफ मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. हे वरचं काय प्रकरण आहे, म्हणून शोध घेतला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर. पुढे १९२१ मध्ये तेच कायम झालं आणि त्याचं निम्मं आमच्या वाट्याला आलं. म्हणजे छत्रपतींच्या राजधानीत शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर मी इंग्लंडच्या राणीच्या सोयीसाठी पळणार होतो.

पन्नाशीपुढच्या माणसाने पळायला लागण्यापूर्वी हृदय तपासून घ्यावं, असं सगळे सांगतात आणि ते योग्यच आहे. छातीवरचे केस चौकोन चौकोन भादरून, त्यावर गार, चिकट चकत्या लावून, वायरी लटकवून मला सरकत्या पट्ट्यावर उभं केलं. या तपासणीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. टेक्निशियन मुलगी पडद्यावर नजर ठेवून दर टप्प्याला "बरं वाटतंय ना, काका?" विचारत होती. माझ्या आधीचे गृहस्थ, चांगले साठीचे, चौथ्या टप्प्यात गेल्याचं मी बाहेर बाकावर बसून ऐकलं होतं. त्यामुळे तिसरा टप्पा संपताना ती "झालं काका, हवं ते मिळालं" म्हणाली, तेव्हा मी धापा टाकत म्हणालो, "अजून एक." तिने पट्टा थांबवला. "काका, इथं नंबर काढत नाहीत."

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून परवानगी दिली आणि मग जे सांगितलं त्याने माझा घात केला. म्हणाले, सावकाश पळा. इतकं सावकाश की पळता पळता शेजारच्याशी सलग गप्पा मारता आल्या पाहिजेत. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावाला तयार होतात, पण स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर तयार व्हायला महिने लागतात, आणि या वयात झीज भरूनही हळू येते. म्हणजे इंजिन म्हणतं चल, आणि चाकं म्हणतात थांब. म्हणून बहुतेक पळणं हलकं ठेवायचं, मध्ये विश्रांतीचे दिवस सोडायचे आणि आठवड्यातून दोनदा पायांचा व्यायाम करायचा.

ऐकायला किती सोपं! मी पुणेकर, त्यामुळे गप्पांची अडचण नव्हती. अडचण होती ती बघणाऱ्यांची. पन्नाशीनंतर पळणं जमतं हो, सावकाश पळताना दिसणं जमत नाही. डॉक्टरांना हवा तो वेग मी वेताळ टेकडीवर पहिल्यांदा धरला, तेव्हा कानटोपी घातलेले एक आजोबा मागून चालत आले, माझ्या बरोबरीला आले, थोडं अंतर सोबत चालले आणि काळजीने विचारते झाले, "पाय मुरगळलाय का?" मी नाही म्हटलं. ते पुढे निघून गेले. चालत.

त्यानंतर माझा एक स्वतंत्र सराव सुरू झाला. समोरून कुणी येताना दिसलं की वेग वाढवायचा, छाती पुढे काढायची, चेहऱ्यावर सहजता आणायची आणि वळणाआड गेलं की झाडाला धरून उभं राहायचं. रविवारी टेकडीवर वर्दळ फार, म्हणून रविवारी माझी फार धावपळ व्हायची. मुलीने भेट दिलेलं घड्याळ नाडीचे ठोके मोजायचं आणि मर्यादा ओलांडली की मनगटावर थरथरायचं. दोनशे वीसमधून वय वजा केलं की ठोक्यांची कमाल मर्यादा ढोबळमानाने कळते म्हणतात. माझी त्या हिशोबाने १६६ येत होती. एका रविवारी कॉलेजातल्या वर्गमैत्रिणींचा घोळका समोरून आला आणि घड्याळ इतकं थरथरलं की कुणाचा तरी फोन आलाय असं मला वाटलं.

त्याच घोळक्याला मागे टाकताना पोटरीवर मागून दगड बसला. चांगला सणसणीत. मी गर्रकन वळलो. मागे तीन पोरं क्रिकेट खेळत होती. "दगड कुणी मारला?" मी गरजलो. पोरं म्हणाली, काका, आम्ही टेनिस बॉलने खेळतोय. मी त्यांची शाळा, त्यांचे पालक आणि एकूण आजची पिढी यांच्यावर बोलू लागलो आणि बोलता बोलता एक पाऊल टाकलं, तेव्हा कळलं की दगड आतून आला होता. पोटरीचा स्नायू फाटतो तेव्हा नेमकं असंच वाटतं, मागून कुणीतरी काहीतरी मारल्यागत, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. टेकडी उतरताना दोन बाजूंनी खांदा देऊन मला खाली आणलं ते त्याच पोरांनी. वर्गमैत्रिणी तोवर परत फिरल्या होत्या आणि त्यांनी सगळं नीट पाहिलं.

मग काही आठवडे फिजिओथेरपी आणि जिन्यातला व्यायाम. पायरीच्या कडेवर पावलांचा पुढचा भाग टेकवून उभं राहायचं, टाचा वर घ्यायच्या, हळूहळू पायरीच्या खाली सोडायच्या. उपाय रामबाण आहे, पण करायची जागा म्हणजे सोसायटीचा जिना. दुधाची पिशवी घेऊन जाणारे शेजारी पहिल्या दिवशी "कुणाची वाट बघताय?" म्हणाले, दुसऱ्या दिवशी "अजून नाही आले?" आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला गाठून "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं.

पडल्या पडल्या वाचन वाढलं. कॅनडात एड व्हिटलॉक नावाचे गृहस्थ होऊन गेले. २००४ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, टोरंटोची पूर्ण मॅरेथॉन त्यांनी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत संपवली. मिल्टन गावातल्या त्यांच्या घराजवळ एक दफनभूमी होती. त्या दफनभूमीत ते तासन् तास सावकाश गोल गोल पळत. मला एकदम उजेड पडला. सावकाश पळायचं तर जिथं बघणारं कुणी नाही तिथंच! मी बायकोला म्हणालो, आपल्याकडे अशी जागा म्हणजे वैकुंठ स्मशानभूमी. तिने भाजी चिरायची थांबवली. "अहो, तिकडे न्यायला चौघं लागतात. स्वतःहून पळत कुणी जात नाही."

बूट घ्यायला गेलो तिथे दुकानदाराने माझं पाऊल यंत्रावर ठेवून त्याचा रंगीत नकाशा काढला आणि तेरा हजारांचा जोड सुचवला. बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. साठी ओलांडलेली बाई! हे मला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, आणि बहुधा दुकानदारालाही. तरी बूट घेतले. "यात स्कूटरचे सगळे टायर येऊन वर पेट्रोल आलं असतं," एवढंच बायको म्हणाली.

शर्यत सप्टेंबरात असते. साताऱ्याचा पाऊस तेव्हा जायच्या बेतात असतो आणि जात मात्र नाही. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच माघारी यायचं. निम्मी चढण, निम्मी उतरण. माझा बेत पक्का होता: गावात अगदी रमतगमत, घाटात वाटलं तर चालायचं, उतारावर सांभाळून. पोशाखाचा प्रश्न होता, कारण सासूबाईंसमोर हाफ चड्डीत जाण्याचं धैर्य मला लग्नानंतर पंचवीस वर्षांतही आलेलं नाही. शेवटी गुडघ्याखाली येणाऱ्या विजारीवर तडजोड झाली. ती पावसात भिजून पोटऱ्यांपर्यंत आली आणि मर्यादेचा प्रश्न उरला नाही.

साताऱ्यात लोक शर्यत घरचं कार्य असल्यागत साजरी करतात. ढोल-ताशे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेची पोरं, टाळी द्यायला पुढे केलेले चिमुकले हात. मी रमतगमत चाललो होतो, घड्याळ शांत होतं. आणि समर्थ मंदिराच्या अलीकडे सासुरवाडी दिसली. सगळी. चुलत सासरे खुर्चीसकट आले होते. मेव्हण्याने अशी शिट्टी मारली की माझ्या आसपासचे चार जण दचकून वेगाने पळू लागले. त्यांच्याबरोबर मीही. बेत, डॉक्टर, पोटरी, सगळं मागे राहिलं. मी चौखूर सुटलो आणि सासूबाई तबक घेऊन आडव्या आल्या.

"अहो, शर्यत चालू आहे!"

"असू दे. ओवाळल्याशिवाय कसं जाऊ देऊ? डोंगरावर चाललाय."

निरांजन पावसाने विझत होतं, मेव्हणी त्यावर छत्री धरत होती, मागून येणारे धावपटू आम्हाला वळसा घालून जात होते. एकजण थांबून नमस्कार करून गेला. कपाळावर भरगच्च कुंकू लागलं, तोंडात अर्धा पेढा आला. पेढा तोंडात असताना नाकाने श्वास घेत घाट चढणं हा प्रकार कुठल्याही प्रशिक्षणाच्या तक्त्यात मला आढळला नव्हता.

घाटात धुकं होतं. माझा सगळा साठा सासुरवाडीसमोर संपलेला, त्यामुळे चालत होतो. घाम आणि पाऊस यांनी कुंकू विरघळून भुवईवरून, नाकाच्या शेंड्यावरून खाली ओघळू लागलं. धुक्यातून एक स्वयंसेवक धावत आला, मला दंडाला धरून बसवलं आणि वॉकीटॉकीवर ओरडला, "एक काका, डोक्याला मार, रक्त बरंच गेलंय!" मी "सासूबाई, सासूबाई" एवढंच म्हणू शकलो, पेढा अजून पुरता उतरला नव्हता. "सासूबाईंनी मारलं?" त्याने विचारलं. कापसाने कपाळ पुसून कुंकू निघेपर्यंत तीन पाणीवाटप केंद्रांची पोरं जमली होती.

वळसा घालून उताराला लागलो आणि सगळं विसरलो. उतार माणसाची फार खुशामत करतो. तिशीतली पोरं मागे पडत होती, पाय आपोआप पडत होते, घड्याळही गप्प होतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच सगळं वजन अडवून धरतात, त्यात त्यांना बारीक बारीक इजा होते आणि तिचं दुखणं लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी शिगेला पोचतं. हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, उताराचाही सराव करायला सांगितलं होतं. पण टेकडीवर मी उतरायचो ते गप्पा मारत. शर्यत तीन तासांवर थोडी मिनिटं घेऊन संपली, गळ्यात पदक पडलं आणि मी स्वतःच्या पायांनी, हसत, सासऱ्यांच्या घरी जेवायला गेलो.

"कितवे आलात?" चुलत सासऱ्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. ते विचारात पडले. "पुढचे नका मोजू. मागं किती होते ते सांगा."

"तू का नाही पळत रे?" मी मेव्हण्याला विचारलं. त्याने भाकरी मोडता मोडता सांगितलं, "मी कशाला? गुडघं जात्यात म्हणं त्यानं. आन् आमच्याकडं जावई हाईत की."

दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, ठरल्या वेळेला. मला माडीवरून उतरायचं होतं. सरळ उतरायला मांड्या तयार होईनात, म्हणून कठडा धरून उलटा, पाठमोरा, एकेक पायरी चाचपत निघालो. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्या दारातच थबकल्या.

"काय झालं हो जावयबापूंना?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या, "काल पळाले."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "अगंबाई! मग सापडले कुठं?"